ॲरन बेटावर लहान मुलांसह आठवडाभर: बोटीच्या तिकिटापासून खिचडीपर्यंत

स्कॉटलंडचं बेट म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते स्कायचं. स्काय सुंदर आहे, वादच नाही. पण १९९५ पासून तिथे पूल आहे, उन्हाळ्यात गर्दी मावत नाही, आणि बघायच्या दोन ठिकाणांमध्ये वळणावळणाचा लांबलचक रस्ता. मागच्या सीटवर तीन वर्षांचं मूल आणि शेजारी गाडी लागणारी आजी असेल तर त्या सौंदर्याचं काय करायचं? मल, टायरी, लुइस-हॅरिस ही बेटं मुलं दहा-बारा वर्षांची झाली की मजेत होतात. पहिल्यांदा, आणि पाच-सात वर्षांखालच्या मुलांना घेऊन जायचं असेल, तर माझं मत सरळ ॲरनला.

कारणं व्यवहारातली आहेत. ॲरन ग्लासगोच्या जवळ आहे आणि बोटीचा प्रवास तासाभराचा. बेटाभोवती साधारण ९० किलोमीटरचा एकच वर्तुळाकार रस्ता, त्यामुळे चुकायला वाव नाही. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला शेतं आणि पुळणी, मध्ये किल्ला, प्राचीन शिळा, हरणं, सील. म्हणूनच त्याला छोटं स्कॉटलंड म्हणतात. शिवाय तिथे सुपरमार्केट आहे, हॉस्पिटल आहे आणि पाऊस लागला तर मुलांना सोडायला आतली खेळायची जागा आहे. शेवटचा मुद्दा फालतू वाटेल, पण तिसऱ्या पावसाळी दुपारी तोच सगळ्यात मोठा ठरतो.

हातात जेमतेम दोन दिवस असतील तर ॲरनचा हट्ट नको. लार्ग्सहून दहा मिनिटांत कम्ब्रे नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरा, सोळा किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर भाड्याच्या सायकली फिरवा आणि परत या.

कधी जायचं

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचं नशीब इथे जोरावर आहे. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी पडते तेव्हा, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले त्यातल्या त्यात कोरडे आणि उजेडाचे दिवस असतात. मे महिना पहिल्या पसंतीचा. कोकरं शेतात उड्या मारत असतात, तिथल्या शाळा चालू असल्यामुळे घरं मिळतात, आणि चावणाऱ्या चिलटांचा हंगाम अजून भरात आलेला नसतो. थंडी मात्र असते. दुपारी १२ ते १५ अंश, त्यात वारा. पुण्याच्या डिसेंबरातली सकाळ दिवसभर चालू ठेवा आणि तिला ओली करा, म्हणजे अंदाज येईल.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं गणित वेगळं. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, तर इंग्लंडच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. मुलं इंग्लंडमधल्या शाळेत असतील तर ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे पकडा, स्थानिक गर्दी ओसरलेली असते. शाळेत न जाणारं मूल असेल तर मे सोडून दुसरा विचारच करू नका.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आसपास उगवतो. मुलं झोपायला तयार नसतात आणि पहाटे पाचला 'सकाळ झाली' म्हणून उठवतात. घर ठरवताना मुलांच्या खोलीला जाड, उजेड अडवणारे पडदे आहेत का विचारा. नसतील तर काचेला चिकटवायचा काळा पडदा घेऊन जा. काहीच नसलं तर काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि चिकटपट्टी.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळालासुद्धा, ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा स्वतंत्रपणे लागतो. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो आणि निर्णयाला सर्वसाधारणपणे तीन आठवडे लागतात. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच कामाला लागा. आजी-आजोबा लेकीकडे किंवा मुलाकडे येणार असतील तर बोलावणाऱ्याचं पत्र, त्याच्या राहण्याचे कागद आणि आजोबांची पेन्शनची किंवा बँकेची कागदपत्रं एकत्र लावा. अमेरिकन पासपोर्टवाल्या नातवंडांना व्हिसा नको, पण ईटीए ही ऑनलाइन परवानगी आता लागते.

भारताचं ड्रायव्हिंग लायसन्स ब्रिटनमध्ये आल्यापासून १२ महिने चालतं. प्रवास विमा सगळ्यांचा काढा, आजोबांच्या जुन्या दुखण्यांसकट खरं सांगून.

बोट आणि घर: दोन्ही एकाच बैठकीत

इथेच बहुतेकांचा बेत फसतो. आधी छान घर सापडतं, पैसे भरले जातात, आणि मग कळतं की त्या शनिवारी बोटीवर गाडीला जागाच नाही. ॲरनवरची भाड्याची घरं बहुतांशी शनिवार ते शनिवार दिली जातात, म्हणजे सगळं बेट एकाच दिवशी बदलतं. म्हणून एका खिडकीत घराची तारीख आणि दुसऱ्या खिडकीत बोटीचं वेळापत्रक उघडून बसा. दोन्ही जुळल्यावरच पैसे भरा. शुक्रवारी किंवा सोमवारी सुरू होणारं घर मिळालं तर दोन पैसे जास्त देऊनही घ्या.

बोटी कॅलमॅक कंपनीच्या. मुंबई–मांडवा रो-रो ज्यांनी केली आहे त्यांना प्रकार ओळखीचा वाटेल: गाडी थेट बोटीच्या पोटात न्यायची आणि आपण वर जाऊन बसायचं. मुख्य मार्ग मुख्य भूमीवरून ब्रॉडिकला जातो. इथे नीट लक्ष द्या. बोट सुटते ती आर्ड्रॉसनहून की ट्रूनहून, हे तिकिटावर बघा. आर्ड्रॉसनहून साधारण ५५ मिनिटं लागतात, ट्रूनहून थोडा जास्त वेळ. ग्लेन सॅनॉक्स ही नवी बोट २०१८ ला यायची होती, ती प्रत्यक्षात जानेवारी २०२५ मध्ये धावू लागली. आणि आली ती इतकी मोठी की आर्ड्रॉसनच्या जुन्या धक्क्याला लागेना, म्हणून ट्रूनहून सुटते. बेटावरच्या कुणाशीही गप्पा मारायच्या असतील तर हा विषय काढा, अर्धा तास निश्चिंती. तर, बुकिंग करताना आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, बंदराचं नाव वाचा. दोन बंदरांमध्ये बरंच अंतर आहे आणि चुकीच्या धक्क्यावर रडणारं मूल घेऊन उभं राहण्यात काही मजा नाही.

गाडी नेणार असाल तर आरक्षण हवंच. गाडीची लांबी विचारतात, टपावर सामानाची पेटी असेल तर उंचीही सांगा. पायी जाणाऱ्यांना जागा मिळायला सहसा अडचण येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

दुसरा मार्ग उत्तरेकडचा, किंटायर द्वीपकल्पावरच्या क्लोनेगहून लॉखरांझाला. बोट छोटी आणि प्रवास अर्ध्या तासाचा, पण ग्लासगोहून क्लोनेगला पोचायलाच लॉख लोमंडवरून मोठा वळसा पडतो. मुख्य बोट रद्द झाली तर हा मार्ग उपयोगी पडतो, तेवढ्यासाठी लक्षात ठेवा.

गाडी न्यायची की नाही

माझं उत्तर ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात: मुलं दोन ते सहा वयाची असतील आणि ब्रॉडिक, लॅमलॅश किंवा व्हाइटिंग बे यांपैकी एका गावात राहणार असाल तर गाडी नको. ग्लासगो सेंट्रलहून आर्ड्रॉसन हार्बरला थेट रेल्वेगाडी जाते आणि स्टेशन धक्क्याला लागूनच आहे. ट्रूनला मात्र स्टेशन आणि धक्का लांब आहेत, सामान आणि बाबागाडी घेऊन चालायचं अंतर नाही, तेव्हा त्या बोटीला जोडून बस आहे का ते आधी बघा. ब्रॉडिकला उतरलात की धक्क्याबाहेरच बसथांबा. बेटावरच्या बसगाड्यांच्या वेळा बोटीशी जोडलेल्या असतात: एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून आणि एक मधल्या स्ट्रिंग रोडने पलीकडे. मुलांना बसमध्ये गाडीपेक्षा जास्त मजा येते, आणि चालवणाऱ्या बाबालाही समुद्र दिसतो.

गाडी केव्हा हवी? बाळ वर्षाच्या आत असेल, आजी-आजोबांना चालणं जमत नसेल, किंवा घर किल्डोनन-मॅख्रीसारख्या एकाकी भागात घेतलं असेल तर. भाड्याची गाडी असेल तर बेटावर न्यायला कंपनीची परवानगी आहे का विचारा. मुलाचं वय १२ होईपर्यंत किंवा उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, कायद्याने मुलांची सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं तिथे चालत नाही.

ॲरनचा रस्ता बहुतेक दुपदरी आहे, पण पश्चिमेला आणि दक्षिणेला अरुंद होतो, खड्डेही आहेत. अगदी अरुंद जागी समोरून गाडी आली तर वाट द्यायला रस्ता रुंद केलेल्या डावीकडच्या फुगवट्यात थांबा. फुगवटा उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला तिकडून जाऊ द्या. चढावर येणाऱ्याला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम तिथेही पाळतात. मागे स्थानिक गाडी घाईत दिसली तर तिला पुढे जाऊ द्या, तो बिचारा कामाला निघालेला असतो. संध्याकाळी लॉखरांझाच्या आसपास हळू चालवा, हरणं रस्त्यावर उभी असतात.

कुठल्या गावात राहायचं

ब्रॉडिक सोयीचं: धक्का, दुकानं, बस, किनारा, सगळं चालत. सौंदर्यात थोडं मागे. लॅमलॅश माझ्या मते लहान मुलांसाठी सगळ्यात बरं. समोर होली आयल हे बेट आडवं असल्यामुळे पाणी शांत, किनाऱ्यालगत सपाट हिरवळ, आणि बेटाचं हॉस्पिटलही याच गावात. व्हाइटिंग बे निवांत. किल्डोनन दक्षिण टोकाला, सीलसाठी नामी, पण दुधाची पिशवी संपली तर बसची वाट बघायची. लॉखरांझा बघायला जा. लहान मुलांना घेऊन आठवडाभर राहायला जरा एकाकी.

घराच्या जाहिरातीत लायसन्स नंबर आहे का बघा. स्कॉटलंडमध्ये अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना आता परवाना बंधनकारक आहे आणि जाहिरातीत तो छापावा लागतो. मालकाला विचारायचे प्रश्न: जिन्याला मुलांसाठी फाटक आहे का, बाळाचा पाळणा आणि उंच खुर्ची मिळेल का, अंगणाला कुंपण आहे का (बाहेर थेट रस्ता असतो), वॉशिंग मशीनबरोबर ड्रायर आहे का. ड्रायर नसेल तर चौथ्या दिवशी सगळ्या घरात ओल्या मोज्यांचा वास. आणि मोबाइलची रेंज कुठेकुठे जाते, तेव्हा वायफाय आहे का हेही.

बोटीवर

निघायच्या निदान अर्धा तास आधी रांगेत. गाडी बोटीत लावली की तुम्हाला वर जावं लागतं आणि प्रवास संपेपर्यंत खालचा मजला बंद असतो. म्हणून गाडीतून बाहेर पडायच्या आधी एका पिशवीत हे सगळं हातात असू द्या: डायपर, ओले पुसणी-कागद, एक कपड्यांचा जोड, खाऊ, पाणी, टोपी आणि प्रत्येकाचं जाकीट. बाबागाडी गाडीतच ठेवा, जिने अरुंद असतात. कडेवर किंवा झोळीत घ्या. गाडीचा अलार्म बंद करायला विसरू नका. बोट लागणाऱ्या मुलाला निघायच्या आधी पोटभर नाही पण थोडं कोरडं खायला द्या आणि मध्यभागी, क्षितिज दिसेल अशा खिडकीशी बसवा. वारा फार नसेल तर उघड्या डेकवर उभं राहा. गोट फेल हा ८७४ मीटरचा डोंगर हळूहळू मोठा होत येतो ते मुलांना बरोबर समजतं.

दिवस कसे लावायचे

दिवसाला एकच बेत. सकाळी एक ठिकाण, दुपारी घराजवळचा किनारा. बेट लहान दिसतं म्हणून एका दिवसात फेरी मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. नका मारू. लहान मुलांसह पूर्ण फेरी म्हणजे दिवसभर 'शू आली' आणि 'अजून किती वेळ'.

पहिला दिवस ब्रॉडिक कॅसलचा ठेवा. किल्ला म्हणजे मुळात जुना वाडाच, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहे. आतल्या खोल्या आजोबा बघतील, मुलांना घेऊन सरळ बागेत आणि झाडीतल्या खेळायच्या जागेत जा. ॲरनवर तांबड्या खारी आहेत आणि त्यांना हुसकावणाऱ्या करड्या खारी नाहीत, कोल्हेही नाहीत. शांत बसता आलं तर खार दिसते. चार वर्षांचं मूल शांत बसत नाही, तरी दिसते कधीकधी.

मॅख्री मूरला मात्र निवांत अर्धा दिवस द्या. पश्चिम किनाऱ्यावर रस्त्यालगत गाडी लावायची जागा आहे, तिथून शेतातल्या कच्च्या वाटेने साधारण दोन किलोमीटर आत चालायचं. वाट सपाट, मोठ्या चाकांची बाबागाडी कशीबशी जाते, छोट्या चाकांची अडकते. वाटेत मेंढ्यांची फाटकं. उघडलेलं प्रत्येक फाटक मागे लावायचं, आणि हे काम एका मुलाला अधिकृतपणे नेमून द्या, म्हणजे तो पळत पुढे जातो आणि कंटाळत नाही. शेवटी उघड्या माळावर तीन-चार हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या शिळा येतात, सगळ्यात उंच पाच मीटरच्या आसपास. त्यातल्या एका दुहेरी वर्तुळात भोक असलेला दगड आहे. फिंगल नावाच्या राक्षसाने आपला ब्रॅन नावाचा कुत्रा त्या भोकाला बांधून ठेवला आणि मधल्या वर्तुळात हंडा चढवून जेवण रांधलं, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट चालायला सुरुवात करतानाच सांगायची, पोचल्यावर नाही. मग भोक शोधायला मुलं स्वतःहून चालतात. तिकीट नाही, कुंपण नाही, शौचालयही नाही. आधी उरकून निघा. वारा अडवायला काही नाही, तेव्हा कानटोपी हवीच.

पाच वर्षांवरची मुलं असतील तर जवळच किंग्ज केव्ह नावाची गुहा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने कोळी किड्याला पुन्हा पुन्हा जाळं विणताना पाहिलं ते इथेच, असा ॲरनचा दावा आहे. स्कॉटलंडमधल्या आणखी काही गुहांचाही तोच दावा आहे. वाट जंगलातून उतरते, दोनेक तास लागतात, बाबागाडी चालत नाही.

किल्डोननला भरती-ओहोटीची वेळ बघून जा. ओहोटीला वाळूतून समुद्रात शिरणाऱ्या काळ्या दगडी भिंती उघड्या पडतात. माणसांनी बांधल्यासारख्या दिसतात, पण त्या आहेत भेगांमध्ये घुसून थिजलेल्या लाव्हाच्या, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात दोघं एकाच पिढीतले. भिंतींच्या मधल्या खळग्यांत पाणी साठतं, त्यात छोटे खेकडे, शंख, गोगलगायी. मुलांचे दोन तास कसे जातात कळत नाही. समोरच्या खडकांवर सील लोळलेले असतात. लांबूनच बघा, जवळ गेलं की ते पाण्यात उडी मारतात आणि पिल्लं मागे राहतात. शेवाळावरून घसरायला होतं, तेव्हा गमबूट नव्हे, तळव्याला पकड असलेले पाण्यातले बूट घाला. लांबवर घुमटासारखं एल्सा क्रेग दिसतं. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे दगड त्या बेटाच्या ग्रॅनाइटपासून बनतात.

लॅमलॅशला कोस्ट या स्थानिक संस्थेचं ऑक्टोपस सेंटर आहे. खाडीचा एक भाग २००८ पासून मासेमारीला पूर्ण बंद आहे, स्कॉटलंडमधला तसा पहिलाच. गावकऱ्यांनीच तो मागून घेतला. मुलांना आत समुद्राखालचं जग समजावून सांगतात. तिथूनच छोटी बोट होली आयलला जाते. बेट तिबेटी बौद्ध परंपरेच्या संस्थेकडे आहे, रानटी घोडे आणि बोकड मोकळे फिरतात. बोट हवा आणि भरतीवर अवलंबून, म्हणून पहिल्या चांगल्या दिवशीच उरका.

उत्तरेकडे जाताना कॉरीच्या चिमुकल्या बंदरातले मेंढीच्या आकाराचे बोट बांधायचे खुंट आणि सॅनॉक्सच्या ओढ्यातले पाय ठेवून ओलांडायचे दगड, एवढ्यावर मुलं खूश. पुढे लॉखरांझाला पडका किल्ला आणि संध्याकाळी गवतावर चरणारी तांबडी हरणं. गोट फेल चढायचा विचार पाठीवरच्या मुलासकट करू नका. खालून छान दिसतो.

पावसाचा दिवस आधीच राखून ठेवा, तो येणारच. ब्रॉडिकच्या ऑखरॅनी रिसॉर्टमध्ये पोहण्याचे तलाव आणि मुलांसाठी आतली खेळायची जागा आहे. बाहेरच्यांसाठीच्या वेळा फोन करून विचारा. हेरिटेज म्युझियम छोटं पण मुलांना सोसवेल असं. आणि भुरभुर पाऊस असेल तर सरळ रेनकोट घालून किनाऱ्यावर जा. तिथली मुलं तेच करतात.

जेवणखाण

शाकाहारी कुटुंबाला हॉटेलात सूप, चीज घातलेली मॅकरोनी, भाजलेला बटाटा, शाकाहारी हॅगिस एवढं मिळतं. चिप्स कशात तळतात ते विचारा, काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, साडेपाच-सहाला मुलांना घेऊन जेवून घ्या.

खरी मदार घरच्या स्वयंपाकावर. ब्रॉडिकच्या को-ऑपमध्ये दूध, भाज्या, अंडी, ब्रेड, साधे तांदूळ मिळतात. बोट दोन दिवस आली नाही तर तिथलीही फडताळं रिकामी होतात, म्हणून डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सोबत हवा. ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागात अल्बर्ट ड्राइव्हवर देशी वाणसामानाची दुकानं आहेत, तिथेच भरा. भारतातून तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणू नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. भाड्याच्या घरात कुकर नसतो. तीन लिटरचा छोटा कुकर सामानात टाका, पण शेगडी इंडक्शनची आहे का हे मालकाला विचारून. बेटाची खासियत म्हणून वूलीज ऑफ ॲरनच्या ओटच्या खुसखुशीत चकत्या घ्या. थालीपिठाच्या लोण्याबरोबरही चालतात. आणि ॲरन डेअरीचं आइसक्रीम, पावसातसुद्धा.

कीटक, थंडी आणि दुखणीखुपणी

मिज नावाची बारीक चावरी चिलटं मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतात. वारा पडला, ढग आले, संध्याकाळ झाली की थव्याने येतात. थोडा वारा सुटला की उडू शकत नाहीत. म्हणून संध्याकाळी झाडीत न जाता उघड्या किनाऱ्यावर जा. स्मिज नावाचं औषध तिथल्या दुकानांत मिळतं, लहान बाळाला लावण्याआधी बाटलीवरचं वय वाचा. तोंडावर ओढायची जाळी स्वस्त आणि हमखास.

चिलटांपेक्षा गोचिडांकडे जास्त लक्ष द्या. हरणं जिथे तिथे गोचीड, आणि ॲरनवर हरणं भरपूर. काही गोचिडांतून लाइम नावाचा आजार होतो. गवतातून फिरून आल्यावर रोज रात्री आंघोळीच्या वेळी मुलांची काख, जांघा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे आणि केसांची रेघ बघा. सापडला तर तेल, काडी, नखं काही नको. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या हुकाने कातडीलगत धरून काढा. नंतरच्या आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे. पँट मोज्यात खोचायची सवय लावा, फोटोत वाईट दिसेल, दिसू दे.

कपडे पातळ थरांचे: आतून लोकर किंवा थर्मल, वर फ्लीस, त्यावर पूर्ण पाणीरोधक सूट. जीन्स घरीच ठेवा, भिजली की वाळत नाही. समुद्राचं पाणी ऑगस्टमध्येही १४ अंशांच्या आसपास, त्यामुळे पोहण्याचा सूट जाड हवा आणि डुंबणं काही मिनिटांचं.

आजारी पडल्यास फोनवर १११ फिरवून सल्ला घ्या, तातडीसाठी ९९९. लॅमलॅशचं हॉस्पिटल छोटं आहे, मोठ्या गोष्टींसाठी मुख्य भूमीवर नेतात. नेहमीची औषधं, पॅरासिटामॉलचं सिरप आणि थर्मामीटर पूर्ण मुक्कामाचे आणि वर तीन दिवसांचे घ्या.

बोट रद्द झाली तर

होते. जोराचा वारा, बिघाड, काहीही. कॅलमॅकचं ॲप फोनवर घ्या आणि आपल्या मार्गाचे संदेश चालू करा. बुकिंगमध्ये चालू मोबाइल नंबर द्या, म्हणजे बदल कळवतात. वाऱ्याचा अंदाज दोन दिवस आधी वाईट दिसला तर आधीच्या बोटीवर बदलून मिळतं का विचारा, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. तोवर लॉखरांझा–क्लोनेग चालू आहे का बघा. घरमालकालाही एक फोन करा. पुढचे पाहुणेही पलीकडे अडकलेले असतील तर तो बहुधा एक रात्र राहू देतो.

आणि परतीचं विमान बेटावरून निघायच्याच दिवशी कधीही घेऊ नका. शेवटची रात्र ग्लासगोत काढा. शुक्रवारी निघालात तर शनिवारच्या रांगाही टळतात, कपडे धुऊन होतात आणि मुलांना लांबच्या विमानाआधी एक शांत झोप मिळते.